डावा आरसा आणि आपलं राहिलेलं भांडण

अहो, आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. आपल्या गाडीचा डावीकडचा आरसा का हलत नाही, यावरचं. तुम्ही म्हणत होतात स्विच खराब आहे, मी म्हणत होते मोटर गेली. तुम्ही गेलात तेव्हा ते भांडण अगदी रंगात आलं होतं. आता त्याचा निकाल लागला आहे, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. म्हणून लिहायला बसले आहे. मधे बोलू नका.

तेरवी झाली. पिंकी आणि जावई नागपूरला परत गेले. भेटायला येणारी माणसंही आता कमी झाली. आलेला प्रत्येक जण तुमच्या हाताची तारीफ करून गेला. "मधुभाऊसारखा वायरिंगवाला सौंसरात पुन्हा होनार नाही," म्हणाले. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, त्या हातांनी माझे किती टॉवेल काळे केले ते कोणी विचारत नाही. एक टॉवेल अजून दुकानातल्या खिळ्याला लटकलेला आहे. धुवायला आणला नाही मी. धुवावासा वाटत नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी बंद पडलं. तुम्ही असतात तर त्यांनाही विचारलं असतंत, "बंद पडाच्या आंधी काई आवाज येत होता का?" तुमची सगळी विद्या तिथूनच सुरू व्हायची. गाडी कोणतीही असो, खराबी कोणतीही असो, तुमचा एकच मंत्र: आंधी आयक, मंग पाह्य, मंग खोल. बाकीचे लोक आधी खोलायचे आणि मग डोकं खाजवत ऐकायचे.

आपण दोघं या कामात एकत्र कसे पडलो, आठवतं? मी शिकवायची ती शाळा सुटली की मी तुमचा रिकामा डबा घेऊन दुकानावरून घरी जायची. तेव्हा बटणाने हलणारे साइड मिरर सौंसरमध्ये नवीनच आले होते. त्या दिवशी एका गाडीचा आरसा बिघडला होता आणि तुम्ही उजवीकडच्या दाराचं बटण दाबून पळत पळत डावीकडे जात होतात, तिथून पुन्हा पळत उजवीकडे. तुम्ही पोचेपर्यंत आरसा थांबलेला असायचा. मी डबा हातात धरून बघत उभी. शेवटी तुम्ही घामाघूम होऊन म्हणालात, "पाहून काय राहिली? बस ना गाडीत. बटन दाब."

मी पदर सावरून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. गाडी चालवायचं सोडा, त्या बाजूने गाडीत शिरायचीही ती माझी पहिलीच वेळ. तुम्ही डावीकडचं दार उघडलंत, त्यावर कोपर टेकवून उभे राहिलात, कान आरशाजवळ नेलात आणि म्हणालात, "वर." मी दाबलं. "खाली. आता बाहेर. आता आत. बस." तेव्हापासून ती आपली रीत पडली. मी आत, तुम्ही उघड्या दाराला टेकून बाहेर. तुम्ही बस म्हटल्याशिवाय माझं बोट बटणावरून उठायचं नाही. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला मॅडम म्हणायला लागलात. "मॅडम, दाबा." शाळेत पोरं मला मॅडम म्हणायची आणि माझं ऐकायची, आणि इथे तुम्ही मॅडम म्हणून मलाच कामाला लावायचात.

आरशाच्या आत दोन छोट्या मोटरी असतात, एक वर-खाली नेणारी आणि एक आत-बाहेर नेणारी, हे मला तुमच्याकडून कळलं. मोटर गुणगुणतेय पण काच हलत नाही, म्हणजे आतले दात झिजले किंवा काच आपल्या जागेवरून सुटली. आवाजच नाही, म्हणजे तिथपर्यंत वीजच पोचत नाही. मग बल्बला दोन वायरी जोडलेला तुमचा तो टेस्ट लॅम्प निघायचा आणि तुम्ही पाण्याचा माग काढावा तसा विजेचा माग काढत जायचात. एकच आरसा मेला असेल तर त्याच्या दाराकडे जायचं, दोन्ही मेले असतील तर आधी फ्यूज. पाढ्यांसारखं पाठ झालं होतं मला. वर्गात पोरांना समास शिकवताना मधेच मनात येई, आता दुकानात त्या पांढऱ्या गाडीचा फ्यूज बघायचा राहिलाय.

मोहगावच्या त्या संत्रावाल्या पाटलांची आठवण काढून आपण किती हसायचो! नवी कोरी गाडी घेऊन जामसांवलीच्या मारोतीला पूजा करायला गेले होते. परत आले ते थेट आपल्या दुकानात. बोनेटवर शेंदराचं स्वस्तिक, चाकाखाली फुटलेल्या लिंबाचा चिखल, आणि पाटलांचा चेहरा रडवेला. मागच्या सीटवर त्यांची आई माळ ओढत बसलेली.

"भाऊ, देवाच्या दारातच दोनी आरसे मेले न! काई वंगाळ तं नसन?"

तुम्ही गाडीला हातही लावला नाही. विचारलंत, "मोबाइल चार्ज होऊन राहिला का गाडीत?"

पाटलांनी लावून पाहिला. "नाई होत! तुमाले कसं समजलं?"

"पूजेची अगरबत्ती कुठं खोसली होती?"

तेव्हा म्हातारीनेच पिशवीतून छोटी पितळी अगरबत्तीदाणी काढून दाखवली. अगरबत्ती उभी करायला चांगलं भोक दिसलं म्हणून त्यांनी ती मोबाइल चार्जिंगच्या भोकात खोचली होती, आणि मग आरती करून चावी फिरवली होती. पितळ ते, वीज थेट पार झाली आणि फ्यूज उडाला. त्याच फ्यूजवर दोन्ही आरसे. तुम्ही नवा फ्यूज टाकलात, मी बटण दाबलं, आरसे डुलायला लागले. म्हातारीने तिथेच आरशांना नमस्कार केला. "देवाचं काई नाई आजी," तुम्ही म्हणालात, "देवाले धूर पाहिजे, करंट नाही." त्यानंतर शनिवार आला की जामसांवलीहून येणाऱ्या रस्त्याकडे बघून तुम्ही म्हणायचात, "मारोती पाठवते आपल्याले गिऱ्हाईक." आणि पाठवायचाही. झेंडूचे हार एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत बांधायची आपल्या लोकांना भारी हौस. त्याचा दोरा आरशाच्या सांध्यात शिरायचा, आणि तुम्ही चिमट्याने एक एक पाकळी ओढून काढायचात. दुकानाच्या दाराशी शनिवारी झेंडूचा केर पडलेला असायचा आणि तो झाडायचं काम मात्र मॅडमचं.

म्हणून आपली स्वतःची गाडी घेतली तेव्हा जामसांवलीला मी आरशाला हार बांधायला गेले, तर तुम्ही माझा हातच धरलात. सगळ्या बायकांसमोर. "आरशाले नाही! बोनेटवर टाक." मी फणकाऱ्याने म्हटलं, "बिघडला तं तुमीच दुरुस्त करसान ना? घरचंच तं काम हाय." तुम्ही म्हणालात, "घरचं काम कोनी करत नाही, शालू." ते तुमचं बोलणं खरं निघालं, पुढे सांगते.

गाडी जुनीच होती, दुसऱ्या हाताची, पण आपल्याला नवीच वाटली. डावी सीट माझी. किती फिरलो आपण त्या सीटवरून! बोरगावला तुमच्या बहिणीकडे, पिंकीला भेटायला नागपूरला, आणि सगळ्यात जास्त पांढुर्ण्याला माझ्या आईकडे. मोहगाव मागे पडलं की माझा आवाज आपोआप चढतो, असं तुम्ही म्हणायचात. "माहेराची हवा लागली हिले," म्हणून चिडवायचात. पांढुर्ण्याची माणसं गोटमार खेळणारी, जत्रेत एकमेकांवर दगड फेकणारी, त्यांच्याशी भांडणात कोण जिंकणार, हे तुमचं ठरलेलं वाक्य. भांडण पेटलं की मी उतरताना दार आपटायची. तुम्ही दरवेळी म्हणायचात, "दारानं काय केलं तुयं?"

मग कुठून तुमच्या डोक्यात आलं की मला गाडी शिकवायची. मी म्हटलं, या वयात? तुम्ही म्हणालात, "वयाचा काय संबंध? तुले बटनं तं सगळे माईत हायेत." सौंसरच्या बाहेर, कापूस निघून मोकळ्या झालेल्या वावरांमधल्या रस्त्यावर मला नेऊन सोडायचात. क्लच कसा सोडायचा हे मला जमलं, गिअरही जमले. जमत नव्हती ती फक्त डावी बाजू. डावीकडे काय आहे ते मला कळायचंच नाही. तुम्ही उंच, मी बुटकी. तुमच्या उंचीला लावलेल्या डाव्या आरशात मला रस्ता दिसायचाच नाही, नुसती आपल्या गाडीच्या मागच्या दाराची पट्टी आणि रस्त्याकडेची धूळ. मी बटण डाव्या आरशाच्या 'एल' खुणेवर सरकवून दाबायची, तर काच ढिम्म.

"आरसा हलत नाई अवो."

"तू आरच्या बाजूनं ठेवलं असन बटन."

"नाई, एलवरच हाय. पाहा."

तुम्ही बघायचात, दाबायचात, काच हलायची नाही. दुकानात आल्यावर तुम्ही सवयीने डावीकडे जायचात, दार उघडून त्यावर कोपर टेकवायचात आणि म्हणायचात, "दाब." मी दाबलं की आरसा शहाण्या मुलासारखा वर-खाली, आत-बाहेर, सगळं करून दाखवायचा! "पाह्यलं?" तुम्ही म्हणायचात. आणि "कुठं काय झालं याले" असं पुटपुटत तो पुन्हा आपल्या उंचीला लावून ठेवायचात, कारण परत गाडी चालवणारे तुम्हीच. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर मी पुन्हा दाबावं आणि काच पुन्हा ढिम्म. आधी तुम्ही म्हणालात की मी बटण अर्धंच दाबते. तेव्हा मी जे भडकले! "तुमच्या गिऱ्हाइकाइचे आरसे इतके वर्सं कोनं हलवले? जामसांवलीच्या मारोतीनं?" मग तुम्ही नमतं घेतलंत आणि दोष माझ्या बोटावरून काढून स्विचवर ठेवलात. स्विच आतून खराब झाला आहे, कधी लागतो कधी नाही. मी म्हटलं, स्विच खराब असता तर उजवा आरसाही अडला असता, तो कसा चालतो? मोटर गेली आहे. तुम्ही म्हणालात, मोटर गेली असती तर दुकानात कशी चालते? नवा स्विच मागवलात, बसवलात, आणि आरसा रस्त्यावर तसाच मेलेला. मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते. तुम्ही म्हणालात, "थांब, पार्ट बी खराब आला असन." तेवढ्यावर राहिलं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

मला तुमचा राग येतो. खरंच येतो. भांडणातून असं उठून जायचं नसतं. मी दार आपटायची, पण परत येऊन बसायची ना.

तुम्ही मला का शिकवत होतात, ते मी एकदाही विचारलं नाही. एकदा क्लच सोडताना गाडी बंद पडली आणि मी वैतागून म्हणाले, "मले कायले शिकवून राहिले? तुमी हाये ना चालवाले." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "एक दिवस तू एकटी पांढुर्ण्याले जाशीन, माय विचारन कोनासंग आली, तं म्हनशीन मीच आनली." मी हसले. म्हटलं, मला एकटीला जायची हौस नाही. आता वाटतं, तुम्हाला काही कळलं होतं का? की उगाच मन असं जोडत बसतं? तुम्हाला विचारायचं राहून गेलं, आणि तुम्ही उत्तर दिलंही नसतंत. म्हणाला असतात, "फालतू विचार नको करू, समोर पाह्य."

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. तेरवी झाली की माहेरचं माणूस येतं आणि बाईला दोन दिवस घेऊन जातं. सासरच्या घरातलं दुःख माहेरच्या उंबऱ्यावर थोडं हलकं करून आणायचं. मला भाऊ नाही. बाबा केव्हाच गेले. आई आहे, पण तिला आता गल्लीच्या तोंडापर्यंतही चालवत नाही. तुमच्या शेवटच्या दर्शनालाही ती येऊ शकली नाही. फोनवर रोज एकच विचारत होती, "कवा येतं व? कोन आनन तुले?" पिंकी म्हणाली, रविवारी जावई येतील आणि नेतील. शेजारच्या काकू म्हणाल्या, बसने जा, मी सोबत येते. सगळ्यांची माया खरी. पण माझ्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. माहेराला मला आजवर तुम्हीच नेलंत. आता दुसऱ्या कोणाच्या गाडीत पाहुणीसारखी मागे बसून त्या गल्लीत उतरायचं माझ्या जिवावर आलं. माहेरचं माणूस नाही, तर मीच माझं माहेरचं माणूस होईन, असं ठरवलं. पिंकीला सांगितलं तर ती घाबरली. "आई, तुले डाव्या बाजूचं दिसत नाही म्हनत होती ना तू?" खरं होतं ते. आरसा चालत नव्हता. मोहगावच्या वळणावर संत्र्याचे ट्रक येतात आणि मोटारसायकली डावीकडून घुसतात, तिथे आंधळ्यासारखं जाणार कशी?

काच हाताने दाबून लावता येते, हे मला माहीत होतं. तुम्ही ते कोणाला करू देत नव्हतात. "हातानं दाबसान तं आतले दात झिजतीन," म्हणून गिऱ्हाइकांना ओरडायचात. पण आता तुम्हीच नाही तर ओरडणार कोण, म्हणून दुपारी दुकानाचं शटर अर्धं वर केलं, गाडी सावलीत होती, आणि सुरुवात केली. डावीकडे जाऊन काच जरा बाहेर ढकलली. फिरून उजवीकडे येऊन सीटवर बसले. झाडाचा शेंडा दिसला. पुन्हा उतरले, पुन्हा फिरून गेले, जरा खाली दाबली, पुन्हा येऊन बसले. चाक दिसलं, नुसतं चाक. अहो, मला हसू आलं! तुम्ही पहिल्या दिवशी जसे पळत होतात, तशी मी पळत होते. आत बसायला मी होते, पण बाहेर उभे राहायला तुम्ही नव्हतात. हसता हसताच रडू आलं. मग डावीकडचं दार उघडून तिथे तुमच्यासारखीच कोपर टेकवून उभी राहिले. ते दार माझ्या खांद्याच्या वर येतं. तुमच्या कोपराने त्याच्या रंगावर एक मळकट डाग पडला आहे, तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

डोळे पुसले, दार तसंच उघडं टाकलं आणि फिरून येऊन सीटवर बसले. काही विचार न करता, नुसत्या सवयीने, चावी एक घर फिरवली आणि बटण दाबलं. आरसा हलला.

वर गेला. खाली आला. बाहेर, आत. मी थक्क. उतरून धावत गेले, दार लावून घेतलं, परत येऊन दाबलं. ढिम्म! पुन्हा जाऊन उघडलं, पुन्हा आले. चालला! शेजारच्या पानठेल्यावाल्याला वाटलं असेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तुम्ही नेहमी म्हणायचात ना, आधी ऐक? मी चावी तशीच ठेवून दाराच्या बिजागरीपाशी वाकले. दारातून गाडीच्या अंगात वायरी जातात ती रबराची नळी बाहेरून धडधाकट दिसत होती. तीच बोटाने चाचपली, तर आत एका जागी वायर मऊ लागली, जशी हाड मोडलेली करंगळी लागते. वरचं रबर शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. दार उघडलं की वायर सरळ व्हायची आणि तुटलेली टोकं एकमेकांना लागायची. दार मिटलं की घडी पडायची आणि टोकं सरकायची. रस्त्यावर गाडी चालते ती दार मिटूनच. आणि दुकानात तुम्ही तपासायचात ते उघड्या दाराला टेकून.

ना स्विच, ना मोटर. दोघेही हरलो! गिऱ्हाइकाच्या गाडीत तुम्ही ती नळी सगळ्यात आधी चाचपली असती. घरच्या गाडीत बायकोशी भांडण्यातच वेळ गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि खरं सांगू, मला हरल्याचा आनंदच झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं, ज्याचं कारण होतं. तुमच्या जाण्याला मला कारण सापडत नाही, याला सापडलं. वायर अशी एका दिवसात तुटत नाही. आपण जितक्या वेळा कुठे गेलो, जितक्या वेळा मी त्या दारातून चढले, उतरले आणि आपटलं, तितकी ती वाकली, तेव्हा कुठे तुटली. आणि तुटल्यावरही तुम्ही दाराशी उभे असलात की आरसा चालायचाच. मला बाकी काही नको होतं हो. तुम्ही तसेच दाराशी उभे राहिला असतात तर मी जन्मभर हरले असते.

दुरुस्ती मीच केली. कोणाला बोलावलं नाही. तुमच्या खणातून वायरीचा तुकडा घेतला, रबर मागे सारलं, मोडका भाग कापून काढला. नुसतं पीळ देऊन जोडलं की तुमचा ओरडा ठरलेला होता, "पीळ देऊन संसार चालते, वायर नाही चालत." म्हणून पीळ देऊन वर सोल्डरचा डाग दिला. पहिला डाग गळून माझ्या साडीवर पडला, दुसरा बसला. वर बारीक नळी सरकवली, टेप गुंडाळला, रबर पुन्हा जागेवर घातलं. जोड तुमच्यासारखा सुबक नाही. जरा फुगला आहे. तुम्ही पाहिला असता तर चष्मा कपाळावर सरकवून "चालते, मॅडम" एवढंच म्हटलं असतंत, आणि मी घरी जाताना उड्या मारत गेले असते.

मग डावीकडचं दार नीट, हळू लावलं. आत येऊन माझ्या बाजूचं दार लावलं. चावी फिरवली आणि बटण दाबलं. मोटर गुणगुणली. काच वर जायला लागली. वर, अजून वर, पार वर गेली आणि शेवटाला लागून आत टिकटिक टिकटिक वाजू लागली. माझं बोट बटणावरच होतं. दाबलेलंच. कळतच नव्हतं की मी काय करतेय. मग कळलं, मी थांबले होते. तुम्ही बस म्हणाल म्हणून थांबले होते. बोट उचललं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडले. तेरवीपर्यंत माणसांसमोर जे रडले त्याच्यापेक्षा ते वेगळं होतं. ते फक्त आपल्या दोघांचं होतं.

नंतर आरसा माझ्या उंचीला लावला. हो, तुमची उंची मोडली त्याने. जरा घाबरत, थोडं थोडं दाबत होते, जणू तुम्हाला जागेवरून उठवतेय. पण जसा रस्ता दिसायला लागला, सगळा, दुकानाच्या ओट्यापासून पार वळणापर्यंत, तशी मला तुमची इच्छा कळली. तुम्हाला मला हेच दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. पिंकीला निघाल्यावर सांगितलं. मोहगावच्या वळणावर ट्रक होता, डावीकडून मोटारसायकलवाला होता, दुधाचे कॅन लावलेला. मी त्याला आधीच पाहिलं होतं आणि जागा दिली. त्याने हात केला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक त्याला जागा का मिळाली! पुढे संत्र्याच्या बागांमधून जाताना माझा आवाज चढला नाही, कारण बोलायला कोणी नव्हतं. पण माहेराची हवा लागली, हे सांगायला हवं.

आईची गल्ली तुम्हाला माहीत आहे. गाडी उलटी घ्यावी लागते, आणि डावीकडे नाली. इथे तुम्ही गाडी लावायचात तेव्हा मी उतरून मागे उभी राहायची आणि "येऊ द्या, येऊ द्या, बस" म्हणायची. या एकाच ठिकाणी बस म्हणायचा हक्क माझा होता. आता आत मी, आणि मागे कोणी नाही. डाव्या आरशात नालीची कड दिसत होती, भिंतीचा निघालेला चुना दिसत होता, तुळशीच्या कुंडीचा काठ दिसत होता. हळूहळू मागे आले. कुंडी जवळ आली, अजून जवळ आली, आणि मी मोठ्याने म्हणाले, "बस." आणि ब्रेक दाबला.

आई दारात काठीवर रेलून उभी होती. तिला आता नीट दिसत नाही. तिने मान वाकडी करून गाडीकडे कान लावला.

"शालू, कोनाशी बोलून राहिली व? कोनासंग आली?"

"मीच आनली, माय," मी म्हटलं.

ती काठी टेकत आली. गाडीला चाचपत चाचपत डावीकडच्या दारापाशी गेली, कारण मी कायम तिथूनच उतरते. दाराच्या मुठीवर हात ठेवून वाट बघत उभी राहिली. मी उजवीकडून उतरून फिरून गेले आणि मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती वळली नाही. बंद दारावर हात तसाच ठेवून म्हणाली, "मले वाटलं तुमी दोघं आले."

मी म्हटलं, "हो माय. दोघंच आलो."